लिंबातलं बाळ

आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चच्या लोकांत, माझ्याबद्दल एक गोष्ट अजून सांगितली जाते. साताऱ्याच्या मिशन कंपाउंडाशेजारी राहणाऱ्या एका कॅथलिक बाईनं माझ्या आईच्या मनात भलतंच काहीतरी भरवलं आणि आई खंगली. मग मी सांगलीला जाऊन एका फादरला भर सभेत शास्त्रातून गप्प केलं, तो विजय घेऊन घरी आलो आणि आई उठून बसली. नाताळच्या कार्यक्रमात तरुण मुलं मला पुढं बोलावतात आणि माझ्यादेखत हे सगळं ऐकवतात. मी हात जोडतो आणि खाली बसतो. यातलं आई उठून बसली एवढंच खरं आहे. विजयही झाला, आणि आयुष्यात मी दुसरा कुठला एवढा मोठा विजय पाहिला नाही. पण तो सांगतात तसा झाला नाही, आणि त्या बाईनं आईला काहीही केलं नव्हतं. आईला खंगवलं ते मी. कार्मेलीनबाई जाऊन फार वर्षं झाली. त्यांची बाजू सांगायला आता माझ्याशिवाय कुणी उरलेलं नाही, म्हणून हे प्रकरण.

कंपाउंड म्हणजे कौलारू खोल्यांची एक लांब रांग, मध्ये चिंच, एका टोकाला चर्च आणि दुसऱ्या टोकाला बाबांची कार्यशाळा. बाबा शाळेत सुतारकाम शिकवायचे. सकाळी त्यांच्या रंध्याचा सरसर आवाज सुरू झाला की आम्ही उठायचो. आमच्या मंडळीत पंचांना 'वडील' म्हणतात, बाबा तेही होते, त्यामुळे पोरं चेष्टा करायची की शमूचे वडील त्याचे एकट्याचे नाहीत. शमू म्हणजे मी, शमुवेल. आई मेढ्याकडच्या डोंगरातली. तिच्या बापानं ख्रिस्ती धर्म घेतला तेव्हा ती परकर नेसत होती, त्यामुळे तिच्या बोलण्यात डोंगर तसाच राहिला. ती पवित्र शास्त्र बोट ठेवून, ओठ हलवत वाचायची, आणि येशूची भजनं जात्यावरच्या चालीत म्हणायची. पाळकसाहेबांच्या बाजाच्या पेटीशी ती चाल कधी जुळली नाही. भाकरी थापतानाची तिची थाप, बाबांचा रंधा आणि मधूनच येणारं ते भजन, हे तीन आवाज एकत्र कानावर पडले की आमच्या घरात सगळं ठीक आहे असं मला वाटायचं. दुष्काळाची वर्षं होती, रेशनवर तांबडी मिलो ज्वारी मिळायची, तिची भाकरी थापली की चिरायची आणि खाल्ली की घशात अडायची. आई त्या भाकरीवर लसणाची चटणी आणि भाजलेला बोंबील ठेवायची आणि म्हणायची, "आता सरळ गिळा. चव बोंबलाला हाय, भाकरीनं निस्तं पोट भरायचं."

कुंपणापलीकडच्या खोलीत कार्मेलीनबाई. मूळच्या गोव्याच्या. त्यांचा नवरा पोलीस बँडमध्ये कर्णा वाजवायचा. तो वारला तरी त्या गोव्याला परत गेल्या नाहीत, शिलाईमशीन घेऊन इथंच राहिल्या. कंपाउंडातल्या सगळ्या पोरींचे फ्रॉक त्यांच्या हातचे. त्यांच्या खोलीत मरियेची तसबीर, तिच्यापुढं एक तांबडा दिवा. आमच्या बायका कपडे टाकायला जायच्या तेव्हा तसबिरीकडे पाठ करून बसायच्या. मूर्तिपूजेच्या घरात आपण कापड देतोय आणि घेतोय, याचा एक पुसट अपराधीपणा सगळ्यांच्या चेहऱ्यावर असायचा. आई मात्र त्या तसबिरीकडे बघून म्हणायची, "किती तरणी बाई हाय. आन केवढं दुक बगितलं तिनं." एवढंच. नमस्कार नाही, पाठही नाही.

मी अकरावीला होतो तेव्हा आईला उशिरानं मूल झालं. मुलगी. पाळकसाहेब लगेच येऊन म्हणाले, घरीच बाप्तिस्मा देऊ का, बाळ नाजूक दिसतंय. बाबा म्हणाले, "रविवारी करू. सांगलीहून माझा भाऊ येतोय, सगळ्यांच्या समोर होऊ दे." कार्मेलीनबाईंनी पांढरा झगा शिवला, गळ्याला बारीक जाळी लावून. बाळ शनिवारी गेलं. पाळकसाहेबांनी प्रार्थना केली, देवानं दिलं आणि देवानं नेलं असं वाचलं, बाबांनी स्वतःच्या हातानं बाळाची पेटी केली. त्यानंतर बाबांनी त्या विषयावर तोंड उघडलं नाही. त्यांचा रंधा मात्र दिवे लागेपर्यंत चालू असायचा.

भेटायला आलेल्या बायकांत कार्मेलीनबाई शेवटी आल्या. मी दारात बसलो होतो, मला त्यांचे शब्द स्पष्ट आठवतात. "रडू नको गो बाय. बाप्तिस्मा झाला नाही म्हणून ते सर्गात जात नाही, पण देव त्याला नरकात पण घालत नाही. ते लिंबोत जाता. थंय त्याला कसलो त्रास नाही. सुखी असता." आईनं डोळे पुसले, आणि त्या आठवड्यात पहिल्यांदाच चहा घेतला.

आता इथं साताऱ्याबाहेरच्या वाचकासाठी सांगायला हवं. साताऱ्याहून वाईला निघालं की वाटेत लिंब फाटा लागतो. आत लिंब गाव, कृष्णेच्या काठाला, आमराया, पाणी, जुनी मोठी विहीर. आईची बहीण वाईला असायची. आई एसटीत खिडकीशी बसायची, आणि त्या दिवसांपासून लिंब फाटा आला की पदर सारखा करून बाहेर बघायला लागली. मला वाटायचं, वारा खातेय.

शाळा संपवून मी सांगलीला कॉलेजात गेलो. आप्पाकाकांकडे राहायचो, हे बाबांचे धाकटे भाऊ, हळदीच्या पेठेत दिवाणजी. त्यांच्या शर्टाच्या कॉलरपासून काकूच्या उशीपर्यंत सगळ्याला पिवळी झाक आणि हळदीचा वास. काकांना दोन नाद होते, कुस्ती आणि वादविवाद, आणि दोन्ही ते एकाच पद्धतीनं करायचे. सांगलीत आणि मिरजेत रेल्वेतल्या नोकऱ्यांमुळे कॅथलिक कुटुंबं होती. काकांच्या मते त्यातलं प्रत्येक कुटुंब म्हणजे एक आखाडा. संध्याकाळी जेवणं झाली की ते मला समोर बसवायचे. "हां, बोल रं शमू. मरियेची प्रार्थना?" मी म्हणायचो, देव आणि माणूस यांच्यात मध्यस्थ एकच, पौलानं तीमथ्याला लिहिलंय. "परगेटरी?" वधस्तंभावरच्या चोराला त्याच दिवशी सुखलोक मिळाला, मध्ये पापं धुवायचं कुठलं स्टेशन लागलं नाही. "फादर म्हणणं?" पृथ्वीवर कुणाला पिता म्हणू नका, मत्तय. "पश्चात्ताप का प्रायश्चित्त?" पश्चात्ताप, काका. प्रायश्चित्त ख्रिस्तानं एकदाच केलं, आपण फक्त वळायचं. काका मांडीवर थाप मारायचे. "चितपट!"

मी आज हसून लिहितोय, पण हे सगळं मी आजही मानतो. देवाच्या माणसानं जे लिहिलेलं नाही ते कुणाच्या जिवावर लादू नये, हे मला त्या हळदीच्या वासात पटलं आणि ते कधी सुटलं नाही. चूक माझ्या उत्तरांत नव्हती. मला नवीन दात आले होते आणि मी समोर येईल त्याला चावत होतो, एवढंच.

सुट्टीत घरी आलो. आईबरोबर मावशीकडे निघालो. लिंब फाट्यावर एसटी थांबली, आईनं पदर सावरला आणि हलक्या आवाजात म्हणाली, "हितं हाय आपलं बाळ."

"इथं कुठं?"

"आत. लिंबात. कार्मेलीनबाई म्हनल्या न्हाईत का? पानी हाय, सावली हाय. मला बरं वाटतं बग, आपल्या वाटंवर ठेवलं देवानं."

मला हसू आलं. मी खरोखर हसलो, एसटीत, माणसांच्या समोर. मग समजावून सांगितलं. आई, ते लिंब नव्हे, लिंबो. लॅटिन शब्द आहे, काकांनी सांगितलाय. लिंबो म्हणजे काठ, लुगड्याला असतो तसा. नरकाचा काठ. बाप्तिस्मा न झालेली बाळं तिथं कायमची राहतात, देवाचं तोंड त्यांना कधी दिसत नाही. मग मी विजयानं पुढचं वाक्य टाकलं, "पण हे सगळं खोटं आहे. कॅथलिकांनी रचलंय. शास्त्रात नाही."

आईनं माझं शेवटचं वाक्य ऐकलंच नाही. तिनं पदराचा काठ हातात धरला आणि वाईपर्यंत बोटांत फिरवत बसली.

घरी आल्यावर तिचं गाणं थांबलं. मग जेवण कमी झालं. संध्याकाळचं ताट ती आमच्यापुढं ठेवायची आणि म्हणायची, मला भूक न्हाई. प्रभुभोजनाच्या दिवशी भाकर आणि प्याला समोर आला तेव्हा तिनं मान हलवून तो पुढं दिला. सगळ्या मंडळीनं ते बघितलं. बायकांनी विचारलं, काय झालं. आई एवढंच म्हणाली, "कार्मेलीनबाई म्हनल्या हुत्या, बाळ सर्गात न्हाई." झालं. कुंपणाच्या फटीतून होणारं येणंजाणं बंद झालं, फ्रॉक गावातल्या शिंप्याकडे जायला लागले, एका पोरानं त्यांच्या दारावर खडूनं काहीतरी लिहिलं. त्यांची मशीन दिवसदिवस चालेना. मी तेव्हा तोंड उघडायला हवं होतं. त्याऐवजी मी सांगलीला परत गेलो आणि काकांना म्हणालो, मला फादरला भेटायचंय. लिंबो शास्त्रात कुठं आहे, हे त्यांच्या तोंडून ऐकायचंय.

काकांना आनंद मावेना. त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला. "भर सभा" म्हणतात ती अशी होती: एक छोटं कॅथलिक देऊळ, मागं फादरची खोली, खोलीत फादर, काका, मी आणि खाटेखाली एक कुत्रं. फादर वसईचे, चाळिशीचे, मराठी आमच्यापेक्षा शुद्ध. त्यांनी आधी चहा केला आणि बशीत वसईची सुकी केळी ठेवली.

काकांनी चहा ओठाला लावायच्या आत डाव टाकला. "फादर, मध्यस्थ एकच, असं पौल म्हणतो. मग मरियेला मधी कशाला घालता?"

"तुम्ही आजारी पडलात तर पाळकांना प्रार्थना करायला सांगता ना?"

"पाळक जिवंत हायेत!"

"मरिया मेलेली आहे असं आम्ही धरत नाही. तिथंच आपलं अडतं," फादर हसून म्हणाले. "केळं घ्या."

काकांनी केळं घेतलं, पण पकड सोडली नाही. पापांगीकाराचं, फादरपुढं पाप कबूल करण्याचं काढलं. फादरनी उलट योहानाच्या शुभवर्तमानातलं दाखवलं, प्रभूनं शिष्यांना क्षमेचा अधिकार दिला तो भाग. काकांनी केळं बशीत ठेवलं आणि म्हणाले, "ते सगळ्या शिष्यांला. त्यात कोनी पाद्र्याचा झगा घातल्याला न्हवता." फादर मोठ्यानं हसले. परगेटरीवर फादर म्हणाले, मक्काबीचं पुस्तक बघा, काका म्हणाले, ते आमच्या शास्त्रात नाही, फादर म्हणाले, तीच तर अडचण. असं बराच वेळ चाललं. मला कळत होतं की काका जिंकत होते, कारण प्रत्येक वेळी आपलं बोट त्या एका पुस्तकावर आपटत होते, आणि फादरना मधूनमधून पुस्तकाबाहेर जावं लागत होतं. पण मला फक्त एकच विचारायचं होतं.

"फादर, लिंबो शास्त्रात कुठं आहे?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. कुणाचं गेलं, असं विचारलं नाही, पण त्यांना समजलं असावं. "नाही," ते म्हणाले. "शोधून दमशील. कुठंही नाही. आणि आमच्या चर्चनंही तसा कधी पक्का ठराव केलेला नाही. बाप्तिस्म्याशिवाय स्वर्ग नाही असं मोठ्या विद्वानांनी धरलं, आणि तान्ह्या बाळाला नरकात टाकायचा धीर होईना. म्हणून मधली एक जागा काढली. तो तर्क आहे, बाळा. वचन नाही."

"मग शिकवता कशाला?"

"मी शिकवत नाही. पण माझ्या आईला शिकवलं होतं," ते म्हणाले, आणि कुत्र्याला केळ्याचा तुकडा टाकला.

बाहेर आल्यावर काका रस्त्यातच नाचायचे बाकी होते. "कबूल केलं रं गड्या! फादरनं सोत्ता कबूल केलं!" येताना त्यांनी भडंगाचा मोठा पुडा घेतला आणि पेठेतल्या प्रत्येक हमालाला मूठमूठ वाटला. तिथूनच ती गोष्ट सुरू झाली. सांगलीतून ती साताऱ्याला माझ्या आधी पोहोचली.

पुढच्या सुट्टीत मी घरी गेलो तेव्हा बाबा दारात उभे होते, त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. आई चुलीपाशी बसली होती. ती इतकी वाळली होती की बांगड्या कोपरापर्यंत सरकत होत्या. मी तिच्यासमोर बसलो आणि सांगितलं. आई, फादर स्वतः म्हणाले. लिंबो शास्त्रात नाही. नाहीच.

आईनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "बरं. तितं न्हाई. मग हाय कुठं?"

 काकांनी मला परगेटरी, मरिया, प्रायश्चित्त, सगळ्याचं "नाही" शिकवलं होतं. कॅथलिकांच्या हातातली चुकीची जागा मी हिसकावून घेतली होती आणि आईच्या हातात काही ठेवलं नव्हतं. शास्त्र काय म्हणत नाही हे मला पाठ होतं. ते काय म्हणतं, हे तिनं विचारलं होतं.

मी सुट्टीभर वाचत बसलो. कॉलेजातल्या परीक्षेला बसलो नसेन असा. चिंचेखाली, कार्यशाळेच्या भुशात, चर्चच्या पायरीवर. आज म्हातारपणी चष्मा लावून एक अध्याय वाचतो आणि डुलकी लागते, तेव्हा त्या पोराचा मला हेवा वाटतो. पत्रं वाचली, शुभवर्तमानं वाचली. बालकांना माझ्याजवळ येऊ द्या, हे प्रभूचं बोलणं आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "ती चालत आली असतील रं. आपलं चालायला लागलं न्हवतं." मग मी जुन्या करारात शिरलो. आणि शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकात, माझ्याच नावाच्या पुस्तकात, मला तो अध्याय सापडला. तो मला माहीत नव्हता, याचं कारण साधं होतं. दावीद राजानं दुसऱ्याची बायको घेतली ती सगळी भानगड तिथं आहे, म्हणून संडेस्कूलमध्ये बाई त्या पानांवरून उडी मारायच्या. दगड, गोफण, गल्याथ, आणि मग एकदम देऊळ बांधायची तयारी. मधलं आम्हाला कुणी वाचूच दिलं नव्हतं.

रविवारची दुपार होती. बाबा बाजेवर पडले होते, आई भिंतीला टेकून. मी म्हणालो, ऐका. आणि वाचलं. दाविदाचं बाळ आजारी पडलं. राजा जमिनीवर पडून राहिला, उपास केला, कुणी उठवलं तरी उठेना. सातव्या दिवशी बाळ मेलं. चाकरांना सांगायची भीती वाटली. राजानं त्यांची कुजबुज ऐकली, विचारलं, गेलं का? ते म्हणाले, गेलं.

"थांब," बाबा म्हणाले. ते उठून बसले होते. "कितव्या दिवशी?"

"सातव्या."

"परत वाच."

मी परत वाचलं. बाबांनी दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले. "त्यांच्यात सुंता आठव्या दिवशी," ते म्हणाले.  "सुंता म्हणजे आपला बाप्तिस्मा. त्याचा आठवा दिवस उजाडलाच न्हाई. एक दिवस राहिला. आपला राहिला तसा."

बाळ गेल्यापासून बाबा पहिल्यांदा त्याच्याबद्दल बोलले होते. आई त्यांच्याकडे बघत राहिली. तिला तेव्हा पहिल्यांदा कळलं असावं की या घरात दोघं जण तेच ओझं वाहत होते. मग ती माझ्याकडे वळली. "म्होरं? राजा काय म्हनला?"

"म्हणाला, आता उपास कशाला करू? मी त्याला परत आणू शकतो का? मी त्याच्याकडे जाईन. तो माझ्याकडे परत येणार नाही."

"त्याच्याकडं जाईन, असं म्हनला?"

"हो."

"राजा कुठं गेला?"

"देवाकडे, आई. दावीद देवाकडे गेला, हे सगळं शास्त्र सांगतं."

"म्हंजे बाळ आदीच तितं हाय." तिनं हे मला विचारलं नाही. ठरवून टाकलं. "सुंता न झाल्यालं बाळ राजाच्या आदी देवाकडं पोचलं. आन मग राजानं काय केलं?"

मी पान बघितलं. "उठला. अंघोळ केली. तेल लावलं. कपडे बदलले. देवाच्या मंदिरात जाऊन भजन केलं. मग घरी येऊन जेवायला मागितलं."

आई भिंतीचा आधार घेऊन उठली. न्हाणीत गेली. पाण्याचा आवाज आला, तांब्यामागून तांब्या. केसाला तेल लावून, इस्त्रीचं लुगडं नेसून ती बाहेर आली, एकटीच चर्चमध्ये गेली, आणि आम्ही दोघं बापलेक मूर्खासारखे दारात उभे राहून ऐकत राहिलो. रिकाम्या चर्चमधून जात्यावरच्या चालीत भजन येत होतं, पेटी नसल्यामुळे अगदी सुरात. आल्यावर तिनं परात ओढली. मिलोची भाकरी नेहमीसारखी चिरली. तिनं ती चिरलेली भाकरी, चटणी आणि बोंबील पुढ्यात घेतला आणि पोटभर जेवली. बाबा तिच्या ताटाकडे बघत होते आणि रडत होते, आणि तोंडानं म्हणत होते, "मीठ जास्त झालंय का?"

मला वाटलं, संपलं. आपण जिंकलो. काकांना पत्र टाकावं, भडंग मागवावं. पण सकाळी आई पवित्र शास्त्र काखेत मारून तयार. "चल."

"कुठं?"

"कार्मेलीनबाईकडं."

"त्यांना दाखवून द्यायचंय?"

आईनं माझ्याकडे असं बघितलं की मी मान खाली घातली. "तुला काय वाटतं, तिला ती जागा कुनी सांगितली आसंल? कशापायी सांगितली आसंल?"

कुंपणाच्या फटीतून आम्ही गेलो. कंपाउंडातल्या बायका नळावर होत्या, हंडे तसेच ठेवून बघत राहिल्या. कार्मेलीनबाई दार उघडून उभ्या राहिल्या. आई आत जाऊन मशीनशेजारी बसली. "तुमी लिंबो म्हनला हुता," ती म्हणाली. "मी लिंब ऐकलं. वाईच्या वाटंवरचं."

कार्मेलीनबाईंना आधी कळेना. कळलं तेव्हा त्यांनी तोंडावर हात धरला आणि हसायला लागल्या. आईही हसायला लागली. "दर खेपंला इस्टीतून बगायची मी! म्हनलं पानी हाय, आंबं हायेत!" दोघी हसता हसता डोळे पुसायला लागल्या. मग कार्मेलीनबाई म्हणाल्या, "माझो झील पण थंय, बाय. पहिलो पोर. जल्मला आणि रडलोच नाय. पाद्रीनं सिमेटरीत घेतला नाय. भिंतीच्या भायर पुरला." त्यांनी हे आम्हाला त्याआधी कधी सांगितलं नव्हतं. आईला दिलेलं सांत्वन त्यांनी स्वतःच्या घरातलं दिलं होतं. त्यांच्याकडे तेवढंच होतं.

आई मला म्हणाली, वाच. मी उघडलं. कार्मेलीनबाईंनी हात आडवा केला. "तुमचं नको. आमचं वाच. आमच्यात असलं तर मी मानीन." त्यांनी पेटीतून नवऱ्याचं इंग्रजी बायबल काढलं, जाडजूड, कॅथलिक छपाईचं. मी अनुक्रमणिकेवर बोट फिरवलं. उत्पत्ती, निर्गम, रूथ, आणि पुढं थेट राजे. पहिलं, दुसरं, तिसरं, चौथं. शमुवेल नाहीच. माझे कान तापले. कंपाउंडात लहानपणापासून ऐकलं होतं, यांनी पुस्तकं घातली आणि काढली. काकांचा आवाज कानात घुमला.

"काय झालं?" आई.

"शमुवेलच नाही यांच्यात."

"तुझ्या नावाचं पुस्तक आमच्यात नाय काय रे?" कार्मेलीनबाईंनी खिन्नपणे विचारलं. "बघ. म्हणून मला कोणी सांगितलं नाय."

मला तेच खरं धरून थांबायचा मोह झाला. खरंच सांगतो. एक विजय आणखी, अगदी हातात आलेला. पण आईचा चेहरा बघून मी पहिल्या राजांचं पुस्तक उघडलं आणि पहिलं पान वाचलं. हन्ना नावाची एक बाई मंदिरात रडत मूल मागत होती. ते पान मी झोपेतही ओळखलं असतं, आईनं माझं नाव तिथूनच घेतलं होतं. यांचं पहिलं राजे म्हणजे आमचं पहिलं शमुवेल. नाव वेगळं, पुस्तक तेच. मी दुसऱ्यात गेलो, बाराव्या अध्यायात, आणि बोट ठेवून मराठी करत वाचत गेलो. सातवा दिवस तिथंही होता. चाकरांची कुजबुज होती. आणि तेविसाव्या ओळीत राजा तेच म्हणत होता, मी त्याच्याकडे जाईन.

आई आमच्या शास्त्रावर बोट ठेवून ओठ हलवत माझ्याबरोबर वाचत होती. दोन्ही बोटं एकाच वेळी त्या वाक्याशी थांबली. मला वादात जिंकल्यावर कधी जे वाटलं नव्हतं ते तेव्हा वाटलं. पुस्तक जिंकलं होतं. आमचं पुस्तक त्यांच्या पुस्तकावर जिंकलं नव्हतं. जे लिहिलेलं होतं ते, न लिहिलेल्या सगळ्यावर, वसईच्या फादरच्या आईपासून माझ्या आईपर्यंत सगळ्यांच्या मानेवर बसलेल्या त्या काठावर जिंकलं होतं.

कार्मेलीनबाईंनी बायबल माझ्या हातातून घेतलं आणि ती ओळ स्वतः वाचली, तुटक इंग्रजीत. "माझो पण?" त्यांनी विचारलं. "भिंतीच्या भायरचो पण?"

"भिंत मानसांनी बांदली," आई म्हणाली. "देवाला काय तिचं." मग ती जवळ सरकली. "नाव काय ठिवनार हुता?"

कार्मेलीनबाईंनी बायबल मिटून मांडीवर ठेवलं. बाप्तिस्मा नाही तर नाव नाही, आमच्यात आणि त्यांच्यातही. "आग्नेल," त्या म्हणाल्या. पहिल्यांदा हळू, मग परत एकदा, नळावरच्या बायकांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं, "आग्नेल!" मग त्यांनी आईचा हात धरला. "आणि तुझं?"

"करुणा," आई म्हणाली.

माझ्या बहिणीचं नाव मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं.